ज्ञानाची पाणपोई आणि जाहिरातीची पाटी

उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला पाणपोई असते. चार बांबू रोवून मांडव घालतात. मांडवात रांजण ठेवतात. वाटसरू येतो, दोन ओंजळी पाणी पितो आणि पुढे जातो. त्याला कोणी गाव विचारत नाही, जात विचारत नाही, पैसा मागत नाही.

पण मंडळी, रांजण कोणी तरी विकत आणलेला असतो. सकाळी उठून कोणी तरी पाणी भरते. वाचकाने एवढे पक्के ध्यानात ठेवावे. फुकट मिळते, म्हणजे फुकटात होते असे नाही.

आता असे समजा की, एक सरबतवाला व्यापारी येतो. तो म्हणतो, "रांजणाचा सारा खर्च माझ्याकडे लागला. फक्त माझ्या सरबताची पाटी लावा. तीसुद्धा पडद्याआड लावा. ज्याला पाहायची असेल त्याने पडदा सारून पाहावी. ज्याला नको त्याने पाहू नये. मग तर झालं?"

बोलणे गोड आहे. पैशाची गरजही आहे. मग पाटी लावावी की नाही? हाच प्रश्न आज एका फार मोठ्या पाणपोईपुढे आहे. ती पाणपोई पाण्याची नाही, ज्ञानाची आहे. तिचे नाव विकिपीडिया.

विकिपीडिया म्हणजे काय?

मोबाईलवर आपण एखादी माहिती शोधतो. कांद्यावरचा रोग, पंढरपूरची वाट, एखाद्या औषधाचे नाव. तेव्हा जी पाने उघडतात, त्यांत विकिपीडियाचे पान बहुधा असतेच. हा एक ज्ञानकोश आहे. ज्ञानकोश म्हणजे सर्व विषयांची माहिती एकत्र देणारा मोठा ग्रंथ. मात्र हा ग्रंथ कागदावर छापलेला नाही. तो संगणकावर आहे. अशा जागेला संकेतस्थळ म्हणतात.

हा कोश १५ जानेवारी २००१ रोजी अमेरिकेत सुरू झाला. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर या दोघांनी तो सुरू केला. आज तो ३०० हून अधिक भाषांत आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी, सुरू झाला.

यातले लेख पगारी माणसे लिहीत नाहीत. शिक्षक लिहितात, विद्यार्थी लिहितात, नोकरी करून घरी आलेली माणसे रात्री बसून लिहितात. त्यांना स्वयंसेवक म्हणतात. एकाने लिहावे, दुसऱ्याने चूक सुधारावी, तिसऱ्याने भर घालावी, अशी ही रीत आहे. वाचणाऱ्याला एक पैसा पडत नाही. वाचायला नावही सांगावे लागत नाही.

मग खर्च कसला?

लेख फुकट लिहून मिळतात. पण ते साठवायला मोठे संगणक लागतात. ते रात्रंदिवस चालू ठेवावे लागतात. त्यांना वीज लागते. ते बिघडले तर दुरुस्त करणारे जाणकार लागतात, आणि त्यांना पगार द्यावा लागतो. सर्व सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. ही म्हण आपल्याकडे उगीच पडली नाही.

सुरुवातीला हा खर्च बोमिस नावाची एक कंपनी करीत होती. जिमी वेल्स या कंपनीतच भागीदार होते. पुढे संगणकाच्या धंद्यात मंदी आली. कंपनीला पैसा कमी पडू लागला. सँगर यांना कामाचा पगार मिळत असे, तो बंद झाला. २००२ च्या फेब्रुवारी महिन्यात सँगर यांनी सहज लिहून टाकले की, येत्या काही महिन्यांत विकिपीडियावर जाहिराती येण्याचा संभव आहे.

एवढेच एक वाक्य. पण त्याने काय झाले ते पाहा.

स्पॅनिश मंडळी वेगळी निघाली

स्पेन देशात आणि इतरत्र स्पॅनिश भाषा बोलणारे लोक आहेत. त्यांनी आपल्या भाषेत हा कोश लिहायला घेतला होता. जाहिरातीची गोष्ट ऐकून ते बिथरले. ते म्हणाले, "आम्ही लिहितो ते लोकांसाठी. आमच्या घामावर कंपनीने जाहिराती विकायच्या, हे आम्हांला मान्य नाही."

आणि ते खरोखरच निघाले. २००२ च्या फेब्रुवारीअखेर त्यांनी आपला निराळा कोश थाटला. सेव्हिल शहराच्या विद्यापीठाने त्यांना संगणकावर जागा दिली. स्पॅनिश भाषेत लिहिणारे बहुतेक लोक तिकडे गेले. मूळ ठिकाणचे काम वर्षभराहून अधिक काळ थंडावले.

तुम्ही विचाराल, "निघाले म्हणजे काय नेले? लेख तर तिथेच राहिले असतील."

नाही. या कोशाचा एक नियम आहे. लेख कोणाच्या मालकीचा नाही. कोणीही त्याची नक्कल करून न्यावी, फक्त लिहिणाऱ्याचे श्रेय राखावे आणि पुढच्यालाही तीच मोकळीक द्यावी. भाऊ वेगळे निघाले की भांडीकुंडी वाटून घ्यावी लागतात. याला अर्धे, त्याला अर्धे. इथे तसे नाही. दिव्याने दिवा लावावा तसे आहे. जाणाऱ्याला सगळे मिळते आणि राहणाऱ्याचेही काही जात नाही. पण एक गोष्ट मात्र जाते. ती म्हणजे काम करणारी माणसे. कोशाचे खरे धन तेच.

हा धडा इतरांनी घेतला. २००२ च्या ऑगस्टमध्ये वेल्स यांनी जाहीर केले की, विकिपीडियावर जाहिराती येणार नाहीत. पत्ताही बदलला. कंपन्यांच्या पत्त्याला 'कॉम' ही शेपटी असते, ती जाऊन लोकसंस्थांची 'ऑर्ग' ही शेपटी आली. २० जून २००३ रोजी विकिमीडिया फाउंडेशन नावाची संस्था स्थापन झाली. नफा न कमावणारी संस्था, आपल्याकडच्या विश्वस्त संस्थेसारखी. आजही विकिपीडियावर जाहिरात नाही.

दुसरी गोष्ट: प्रवाशांचा कोश

एक गोष्ट सांगून कोणी म्हणेल, हा योगायोग असेल. म्हणून दुसरीही सांगतो.

२००३ मध्ये विकिट्रॅव्हल नावाचा एक प्रवासकोश सुरू झाला. कोणत्या गावी काय पाहावे, कोठे उतरावे, हे प्रवाशांनीच लिहायचे. तोही स्वयंसेवकांचाच. २००६ मध्ये तो कोश इंटरनेट ब्रँड्स नावाच्या अमेरिकन कंपनीला विकला गेला. लिहिणारे काही विकले गेले नव्हते. पण नाव आणि जागा विकली गेली. जर्मन भाषेत लिहिणारे काही लोक त्याच वर्षी बाहेर पडले. त्यांनी विकिव्हॉयेज हा नवा कोश काढला. जुन्या कोशाच्या पानांवर पुढे जाहिराती आल्या. कुरकुर वाढत गेली. २०१२ मध्ये इंग्रजीत लिहिणारे बरेच जणही निघाले. कंपनीने दोन स्वयंसेवकांवर दावा लावला. २०१३ मध्ये तो तडजोडीने मिटला. त्याच वर्षी १५ जानेवारीला विकिव्हॉयेज हा विकिपीडियाच्या संस्थेचाच एक कोश म्हणून रीतसर सुरू झाला.

फुकट काम करणारा माणूस पैशाने बांधलेला नसतो. तो विश्वासाने बांधलेला असतो. तो दोरा एकदा तुटला की गाठ मारता येत नाही.

जाहिरात म्हणजे काय विकणे?

जाहिरात वाईटच असते असे नाही. बियाणे कोठे मिळते, मोटार पंप कितीला पडतो, हे जाहिरातीने कळते. दुकानदाराने आपल्या दुकानावर पाटी लावावी, त्यात काही गैर नाही.

पण दुसऱ्याच्या पानावर जाहिरात येते तेव्हा काय विकले जाते? कागद नव्हे. वाचणाऱ्याचे डोळे विकले जातात. आणि मोबाईलवर त्याहून जास्त विकले जाते. कोण काय वाचतो, किती वेळ वाचतो, याची टिपणे ठेवून त्याप्रमाणे जाहिराती दाखवण्याची चाल आज सर्रास आहे. एखादी बाई गुपचूप आपल्या आजाराची माहिती वाचते. ती कोणाला सांगायची नसते. म्हणूनच तर ती वाचते. त्या वाचनाचीही टिपणे ठेवली गेली, तर तिने कोठे जावे?

दुसरे असे की, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. औषधाच्या कंपनीच्या पैशावर कोश चालू लागला, तर त्या औषधाचे दोष लिहिताना हात अडखळणारच. कोणी दम दिला पाहिजे असे नाही. अडखळणे आपोआप येते.

महात्मा गांधींना याचा अनुभव होता. १९०३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत 'इंडियन ओपिनियन' हे पत्र निघाले. पुढे त्याचा भार गांधीजींवर आला. आरंभी त्या पत्रात जाहिराती घेत असत. त्या मिळवण्यात चांगल्या माणसांचा वेळ जाई, जाहिरातदारांची मनधरणी करावी लागे. गांधीजींनी जाहिराती बंद केल्या. पुढे हिंदुस्थानात 'यंग इंडिया', 'नवजीवन' आणि 'हरिजन' ही पत्रेही त्यांनी जाहिरातींवाचून चालवली. भार वाचकांच्या वर्गणीवर टाकला. पत्र वाचकांना हवे असेल तर वाचक ते जगवतील, असा तो विश्वास होता.

"ज्याला हवी त्यालाच दाखवा"

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. काही शहाणी माणसे म्हणतात, जाहिरात सर्वांना नको, ऐच्छिक ठेवा. ऐच्छिक म्हणजे ज्याच्या त्याच्या इच्छेवर. आधी जाहिरात बंदच असेल. ज्याला कोशाला मदत करायची असेल, तो स्वतः कळ दाबून ती चालू करील. बाकीच्यांना त्रास नाही. ही सूचना विकिपीडियाच्या मंडळींत पूर्वीच पुढे आलेली आहे.

या म्हणण्यात दम आहे. तो आपण प्रामाणिकपणे मांडू.

पहिला मुद्दा. कोणावर सक्ती नाही.

दुसरा मुद्दा. गरीब वाचक पैसा देऊ शकत नाही, पण एक नजर देऊ शकतो. त्याच्याही हातून मदत होईल.

तिसरा मुद्दा. पैसा जास्त आला तर लहान भाषांना मदत करता येईल. आपल्या मराठीलाही.

आता दुसरी बाजू पाहा.

आपण होऊन जाहिरात चालू करणारे किती निघतील? फार थोडे. थोड्या डोळ्यांना व्यापारी थोडाच पैसा देणार. मग वर्षअखेर जमाखर्च मांडताना कोणी म्हणेल, "कळ जरा मोठी करू." पुढल्या वर्षी म्हणेल, "आधीपासून चालूच ठेवू, ज्याला नको तो बंद करील." आपल्याकडे याला चंचुप्रवेश आणि मग मुसळप्रवेश म्हणतात. असे होईलच असे नाही. पण पैसा थोडा आला तर त्याचा उपयोग नाही, आणि पुष्कळ आला तर त्याची सवय लागते. दोन्हीकडून पेच आहे.

गरीब वाचकाने नजर द्यावी, हे ऐकायला बरे वाटते. पण व्यापारी नजरेचा भाव गिऱ्हाईक पाहून ठरवतो. ज्याच्या खिशात पैसा, त्याच्या नजरेला भाव. खेड्यातल्या माणसाच्या नजरेला तो काय देणार? आणि मोटारगाडीच्या पानाला भाव येईल, नाचणीच्या पानाला कोण विचारतो? तेव्हा लहान भाषांचे भले जाहिरातीने होईल, हे म्हणणे टिकत नाही. आज मात्र विकिमीडियाच्या एकाच निधीवर साऱ्या भाषांचे कोश चालतात. दूर देशातल्या माणसाने दिलेल्या देणगीवर मराठीचे पानही उघडते.

आता सर्वांत मोठी गोष्ट. पडदा पाटीवर आहे, रांजणावर नाही. ज्याने पाटी पाहिली नाही, तोही त्याच रांजणातले पाणी पितो. वाचक डोळे मिटू शकतो. पण संस्था व्यापाऱ्याच्या पैशावर उभी राहिली, तर तिचा मिंधेपणा सर्वांच्या पानात उतरतो. म्हणजे जाहिरात पाहणे ऐच्छिक झाले, तरी तिचा परिणाम ऐच्छिक राहत नाही. तो सक्तीचाच.

आणि लिहिणाऱ्या स्वयंसेवकाला तर कोणतीच कळ नाही. वाचकाने जाहिरात बंद केली, तरी त्याच्या श्रमावर पैसा मिळवला जातोच. स्पॅनिश मंडळींनी हेच ओळखले होते. २००६ च्या डिसेंबरात देणगीच्या आवाहनाशेजारी एका देणगीदार संस्थेचे चिन्ह दाखवले गेले होते. ती काही मालाची जाहिरात नव्हती. तरी स्वयंसेवकांत केवढा वाद माजला! चिन्ह लहान होते, पण भीती लहान नव्हती.

मग पैसा कोठून आणावा?

नुसते 'नको' म्हणून चालत नाही. वाट दाखवली पाहिजे.

विकिपीडियाची पहिली वाट देणगीची आहे. पानावर आवाहन येते आणि लक्षावधी लोक थोडी थोडी रक्कम देतात. थेंबे थेंबे तळे साचे. २०२० नंतर त्या संस्थेकडे दर वर्षाला १५ कोटी डॉलरांहून अधिक पैसा जमा झाला आहे.

दुसरी वाट कायम निधीची. २०१६ मध्ये एक निराळा निधी सुरू केला. २०२१ मध्ये त्यात १० कोटी डॉलर झाले. मूळ रक्कम तशीच ठेवायची आणि तिच्या उत्पन्नावर पुढे चालायचे. आपल्याकडे देवळाला जमीन लावून देत, त्यातलाच हा प्रकार.

तिसरी वाट २०२१ मध्ये काढली. मोठमोठ्या कंपन्या या कोशातली माहिती भरभरून नेतात. लेख सर्वांना मोकळे आहेत, त्यांनाही आहेत. पण त्यांना ती माहिती झटपट आणि नीट लावून हवी असेल, तर त्या सेवेचे पैसे घ्यायचे. २०२२ मध्ये गूगल ही कंपनी असे पैसे देणारी पहिली गिऱ्हाईक झाली. ओंजळीने पिणाऱ्याला पाणी फुकट. टँकर भरून नेणाऱ्याने मात्र पंपाचे भाडे द्यावे. पाटी न लावताही रास्त पैसा मिळू शकतो, तो असा.

पण देणगीची वाट सोवळी आहे असेही समजू नका. देणगी मागतानाही खोटे बोलता येते. संस्था जणू आज बुडते की उद्या, अशा थाटाची आवाहने पानावर येत. तिजोरीत तर पैसा होता. २०२२ च्या नोव्हेंबरात इंग्रजी विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी चर्चा करून असला मजकूर चालणार नाही असे ठरवले. संस्थेला आवाहनाची भाषा बदलावी लागली. मागणाऱ्यालाही हिशेब चुकत नाही, तो असा.

आपण काय घ्यावे?

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या संस्थेचा हा विचार. आम्हांला त्याचे काय?

पुष्कळ आहे. तुम्ही आता वाचू लागला आहात. वाचू लागलेल्या माणसाला छापलेले सगळे खरे वाटते. मोबाईलवर दिसलेले तर त्याहून खरे वाटते. म्हणून कोणतेही पान वाचताना मनाशी विचारावे : या पानाचा खर्च कोणी केला? फवारणीच्या औषधाची माहिती औषध विकणाराच देत असेल, तर ती वाचावी, पण दुसरीकडे ताडून पाहावी.

आणि तुमच्या गावातही असे प्रश्न येतात. गणपतीच्या कमानीवर कोणाचे नाव लावावे? वाचनालयाला कपाट देणारा कोणती पुस्तके ठेवावीत हे सांगू लागला, तर काय करावे? कपाट घ्यावे की नाही, हे सभेने ठरवावे. पण पुस्तके कोणती, हे देणाऱ्याने ठरवू नये.

माझे मत विचाराल तर असे आहे. लोकांच्या फुकट श्रमावर आणि लोकांच्या विश्वासावर जे उभे आहे, त्याने पानावर जाहिरात घेऊ नये. ऐच्छिकसुद्धा घेऊ नये. लोकांकडे उघड मागावे. खरे सांगून मागावे. मिळाले त्याचा हिशेब मांडावा. कमी मिळाले तर काम कमी करावे, पण डोळे विकू नयेत. आपल्यात म्हणतातच ना, गाव करी ते राव न करी.

ज्याच्याजवळ द्यायला पैसा नाही, त्याने हिरमुसू नये. मराठी विकिपीडियावर तुमच्या गावच्या बारवेची, बाजाराची, पिकाची माहिती असेल की नसेल, ते उघडून पाहा. नसेल तर खात्रीची माहिती लिहून घाला. लिहिता येत नसेल तर जाणत्याकडून लिहून घ्या. चूक दिसली तर सुधारा. व्यापाऱ्याला दिलेल्या एका नजरेपेक्षा ही देणगी मोठी आहे.

शब्दांचे अर्थ

स्वयंसेवक – मोबदला न घेता काम करणारा
ऐच्छिक – आपल्या इच्छेवर अवलंबून असलेले
मिंधेपणा – उपकाराखाली दबून जाणे
चंचुप्रवेश – चोचीएवढा लहानसा शिरकाव
मनधरणी – गोड बोलून राजी करणे
बारव – पायऱ्यांची विहीर

प्रश्न

१. स्पॅनिश लेखक वेगळे का निघाले? त्यांना आपले लेख बरोबर कसे नेता आले?
२. गांधीजींनी जाहिराती का बंद केल्या?
३. "पडदा पाटीवर आहे, रांजणावर नाही." या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.
४. गरीब वाचकाने नजर देऊन मदत करावी, हे म्हणणे तुम्हांला पटते का? पटत असेल तर कारण सांगा, नसेल तरी सांगा.
५. तुमच्या गावातल्या एखाद्या सार्वजनिक कामाचा खर्च कोण करतो? त्याचा हिशेब लोकांपुढे मांडतात का? वर्गात यावर बोला.